अधिकचं चिन्ह

पेझलीत आमचं ऑफिस दोऱ्याच्या जुन्या गिरणीत,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी रिळं भरायची.
खिडकीखाली कार्ट नदी,
रंग काल उरलेल्या चहाचा.
नोव्हेंबर. रात्रीचे पावणेदोन.
सर्व्हर तिसऱ्यांदा मेला.

काम तसं पोरकट.
दिवसभरात बसमध्ये फाटलेल्या तिकिटांची यादी,
चाळीस हजार ओळी, एकीखाली एक.
कुणीतरी लिहून ठेवलंय:
यादी बरोबर यादी अधिक ओळ.
दुसरीतल्या बेरजेइतकं निरागस.
कुणीतरी म्हणजे मीच. मार्चमध्ये. घाईत.

पण या भाषेत एकदा झालेली अक्षरमाला बदलत नाही.
एक काना वाढवायचा म्हटलं
तरी शेजारी नवी जागा घ्यायची,
पहिल्यापासून सगळं उतरवून काढायचं,
आणि मग शेवटी तो काना.
जुनी पडून राहते तिथेच,
तिला आता कुणी नावानं हाक मारत नाही,
सफाईवाला येईपर्यंत.
आणि तो येतो तेव्हा
सगळ्यांनी हातातलं काम टाकून पाय वर घ्यायचे.

पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला:
ओळीला शंभर अक्षरं, यादी चाळीस लाखांची.
तेवढ्यासाठी मशीननं वाहिली ऐंशी अब्ज.
बिचारं.
एकदाही म्हणालं नाही, बाई, हे मघाशीच लिहिलंय मी.

टॅम रीली, रात्रीचा रखवालदार,
दारात उभा राहून बिस्किट खात ऐकत होता.
त्याची आत्या याच मजल्यावर होती, म्हणाला.
रीळ संपलं की जुना दोरा
कुणी नव्या रिळावर गुंडाळत बसत नसे.
गाठ मारायची, पुढे जायचं.
गाठीला त्याच्या आत्याचे दोन सेकंद लागत.
मी म्हटलं, आमच्यातही आहे ते,
दोरखंड म्हणतात, तुकडे तिथल्या तिथे, फक्त गाठी.
तो म्हणाला, मग?
मग काय.

अभिराम, तुझं ते वाक्य
सहा वर्षं झाली बदलत नाही.
'तू आली असतीस तरी काय केलं असतंस?'
मी रोज त्याला एक शब्द जोडते. पण.
पण व्हिसा. पण तूच म्हणाला होतास, घाई नाही.
आणि प्रत्येक 'पण'साठी
पहिल्यापासून उतरवते सगळं:
मिरजेच्या दवाखान्यातला तो जिना,
फोनमधली खरखर, मागे कुणाचा तरी पडलेला चमचा,
बाबांचा चष्मा तू खिशात ठेवलास ते
(जे मी पाहिलेलंच नाही),
मग तुझं वाक्य, मग माझे कालपर्यंतचे सगळे पण,
आणि शेवटी आजचा एक.
काल खोकला आला तेव्हा अर्ध्यात थांबले,
तर पुन्हा सुरुवातीपासून.

दुरुस्ती नऊ ओळींची.
आधी थोडी रिकामी जागा मागून घ्यायची, सोळा घरांची.
भरली की बत्तीस, मग चौसष्ट,
दरवेळी दुप्पट, उधळ्या माणसासारखी,
आणि गंमत म्हणजे तोच काटकसरी ठरतो.
ओळी येतील तशा बसू द्यायच्या.
त्याला वाक्य म्हणायची घाई करायची नाही.
सगळं आलं, की एकदाच.

चालवून पाहिलं.
टॅमचं दुसरं बिस्किट तोंडापर्यंत पोचलं नव्हतं.

अडीच वाजले. सांगलीत आठ.
तू दूध तापवत असशील, किंवा उतू घालवत.
काही न उतरवता लिहिलं:
उठलास का?

दोन खुणा, निळ्या.
मग बराच वेळ वर 'टाइप करत आहे',
मग नाही,
मग पुन्हा.
खाली नदी खडकावरून घसरत होती.
'हो. गॅस संपलाय. तिकडे किती वाजले?'

यादीच्या शेवटी जवळजवळ निम्मी जागा रिकामी उरलीय.
कापून टाकता येते, एका ओळीचं काम.
राहू दे म्हटलं.